आपणहून घेतलेला आळ

"ताई, माझी मुलगी मला द्या."

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे म्हणाली, तेव्हा घरातली सगळी माणसं सकाळच्या चहाला बसली होती. सासूबाईंचा कप ओठांपाशीच थांबला, थोरलीच्या नवऱ्याने उगाचच डब्याचं झाकण दोनदा लावलं, आणि थोरलीच्या कडेवरची सात महिन्यांची गुंडी मात्र कुणाची पर्वा न करता तिच्या गळ्यातली मोजपट्टी चघळत राहिली. धाकटीचा आवाज थरथरत होता, पण नजर अजिबात थरथरत नव्हती. बाळंतपणापासून या मुलीने कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता, ती आज सरळ थोरलीच्या तोंडावर बघत होती.

थोरलीच्या मनात तेव्हा काय आलं असेल? राग? अपमान? छे! तिच्या मनात आलं, आली गं बाई, आली परत... आणि छाती एकदम हलकी झाली.

"घे की," ती म्हणाली आणि गुंडीला पुढे केलं.

धाकटीने लेकीला घेतलं मात्र, गुंडीने अस्सा सूर लावला की शेजारच्यांनी खिडकी उघडली. अंग ताठ करून, मान मागे टाकून ती थोरलीकडे हात पसरू लागली. धाकटीने तिला जोजवलं, थोपटलं, खिडकीतली कबुतरं दाखवली. पाच मिनिटं झाली, सात झाली. शेवटी पोरीचा श्वास कोंडायला लागला तेव्हा थोरलीने न राहवून हात पुढे केले, आणि गुंडी तिच्या खांद्यावर डोकं टेकून अशी गप्प झाली की त्या शांततेची सगळ्यांना लाज वाटली.

"बघितलंत ना, आई?" धाकटी सासूबाईंना म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "माझी मुलगी मला ओळखत नाही. मी अंथरुणाला खिळलेली होते आणि यांनी तेवढ्यात तिला आपलीशी करून घेतलं. माझी राहूच दिली नाही."

"मी पहिल्या दिवसापासून सांगतेय," सासूबाई कप खाली ठेवत म्हणाल्या. त्या तेहतीस वर्षं शाळेत शिक्षिका होत्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचाच वर्ग केला होता. "आपल्याला मूल नाही म्हणून दुसरीचं ओढून घ्यायचं नसतं. पण ऐकतंय कोण माझं?"

थोरलीने डोळे मिटू लागलेल्या गुंडीला पाळण्यात ठेवलं. गुंडीच्या लाळेने भिजलेली मोजपट्टी तिने पुसली, घडी घालून खिशात ठेवली, आणि कामाला निघायची वेळ झाली म्हणून पायांत चपला सरकवल्या.

आता खरं काय ते मीच सांगते, कारण थोरली मेली तरी सांगणार नव्हती.

थोरली शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटर होती. कटर म्हणजे कापड कापणारी. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस-चाळीस थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खडूने आखायचं, आणि विजेचं पातं हातात धरून एका दमात चाळीस सदऱ्यांच्या बाह्या कापून काढायच्या. इथे हात चुकला तर चाळीस ठिकाणी चुकतो, म्हणून हे काम घाबरटाचं नव्हे. थोरलीचा हात बावीस वर्षांत दोनदाच चुकला होता, आणि ते दोन्ही दिवस तिला तारखेनिशी पाठ होते.

घरात माणसं मोजकी. सासूबाई, थोरली, तिचा नवरा म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा थोरला. हा माणूस दिवसभर वरखाली करून इतका दमायचा की घरी आल्यावर बोलण्याचं काम बायकोवर सोपवायचा. मग धाकटी, आणि तिचा नवरा, जो मालवाहू जहाजावर होता. बायकोला सातवा महिना लागला तेव्हा तो गेला, तो वर्षाच्या करारावर. रविवारी फोन यायचा, त्यात अर्धा वेळ "ऐकू येतंय का" एवढंच चालायचं.

गुंडी झाली. बटणाएवढं नाक, म्हणून गुंडी. घर आनंदलं. पण धाकटी आनंदली नाही. पहिले चार दिवस सगळ्यांना वाटलं दमली असेल, मग पंधरा दिवस वाटलं अशक्तपणा आहे. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मूल रडलं की कानांवर उशी दाबायची. अन्न समोर ठेवलं तर गार होईपर्यंत बघत बसायची. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही काय मुलं जन्माला घातली नाहीत? उठून कामाला लागलं की सगळं सरळ होतं." त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण वाक्य मात्र छडीसारखं लागायचं.

गुंडी सहा आठवड्यांची होती. दुपारची वेळ, सासूबाई पेन्शनच्या कामाला बाहेर गेलेल्या. त्या दिवशी कारखान्यात वीज नव्हती म्हणून थोरली लवकर घरी आली, आणि दारातच थबकली. धाकटी खोलीच्या मध्यभागी उभी होती, गुंडीला दोन्ही हातांनी अंगापासून दूर धरून. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई, हिला घ्या," ती म्हणाली. "आधी घ्या. माझ्या हातांची मला भीती वाटतेय."

थोरलीने मूल घेतलं. मग धाकटी जमिनीवर बसली आणि तिच्या पायांना मिठी मारून हुंदके देऊ लागली. तिच्या तोंडून काय काय बाहेर पडलं ते ऐकताना थोरलीचं काळीज चरचरलं... हे मूल आपलं वाटतच नाही, आपण आई व्हायच्या लायकीचे नाही, आपण नसलो तर हिचं बरं होईल. आणि सगळ्यात शेवटी, "आईंना कळू देऊ नका. त्या समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईला वेडी म्हणतात. मलाही म्हणतील. माझी मुलगी कायमची काढून घेतील. ताई, शपथ घ्या, हिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या."

थोरलीने शपथ घेतली. त्याच दुपारी तिने धाकटीला रिक्षात घातलं आणि थेट डॉक्टरांकडे नेलं, कारण शपथ गप्प राहण्याची होती, हातावर हात धरून बसण्याची नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नीट विचारपूस केली, औषध सुरू केलं, सांगितलं की हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो, आणि बरा होतो. काही दिवस तिला एकटीला ठेवू नका, बाळाचा भार तिच्यावर टाकू नका. आणि हेही सांगितलं की या दिवसांतलं बरंचसं तिला पुढे कदाचित आठवणार नाही, उगाच आठवण करून देऊ नका.

मग प्रश्न आला, घरात सांगायचं काय? सहा आठवड्यांचं मूल आईपासून काढून काकूच्या खोलीत का झोपवायचं? थोरलीने एक संध्याकाळ विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंसमोर उभी राहून म्हणाली, "आई, बाळ मी माझ्याकडे घेणार आहे. मला हौस आहे. मला कोण अडवतं बघते."

झालं! जो आळ कुणी घेतला नव्हता तो तिने आपणहून अंगावर घेतला. सासूबाई बोलायच्या ते बोलल्या, पण थोरली कामावर असली की गुंडीला त्याच सांभाळायच्या. धाकटीच्या माहेरून फोन आला, तिच्या आईने 'वांझ' हा शब्द वापरला. थोरलीने तो ऐकला, "बरं," म्हणाली, फोन ठेवला, आणि न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडून तीन मिनिटं रडली. चौथ्या मिनिटाला गुंडीची दुधाची वेळ होती.

अंगातलं त्राण थोडं परत आल्यावर डॉक्टरीणबाईंनी धाकटीला गटात पाठवायला सांगितलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दर गुरुवारी दहा वाजता, अशाच आजारातून उठणाऱ्या आया जमायच्या. एक पोक्त नर्स गट चालवायची, तिला सगळ्या सिस्टर म्हणायच्या. सासूबाईंना सांगितलं की धाकटी शिवणक्लासला जाते. क्लास म्हटला की काहीतरी शिवून दाखवायला हवं, म्हणून थोरली कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत रुमाल आणि झबली शिवायची, तीही नवशिकीने शिवल्यासारखी. बावीस वर्षं सरळ रेघेवर जगलेल्या बाईला मुद्दाम वाकडी शिलाई मारताना जे कष्ट पडले ते वांझ शब्द ऐकतानाही पडले नसतील.

पहिले चार गुरुवार थोरली अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून तिला सोडायला जायची आणि बाहेर जिन्यावर बसून राहायची. आत काय चालतं ते सिस्टरने एकदा तिला सांगितलं. गोल करून खुर्च्या मांडायच्या. बोलायला पुस्तकातलं काही नाही, पहिला प्रश्न असायचा, काल किती झोपलीस? "होईल सगळं नीट" हे वाक्य तिथे म्हणायला बंदी, जी म्हणेल तिने सगळ्यांचे कप विसळायचे. आणि एक पद्धत होती. जी बोलायला लागेल तिचं मूल दुसरीने घ्यायचं, म्हणजे तिला वाक्य पुरं करता येतं. धाकटी मूल न घेता यायची, तिचे हात मोकळे, म्हणून प्रत्येकीने आपलं मूल तिच्याच हातात द्यायला सुरुवात केली.

"त्यांना सांगितलं होतंत का, तिला स्वतःच्या हातांची भीती वाटते म्हणून?" थोरलीने घाबरून विचारलं.

"तिनेच सांगितलं सगळ्यांना," सिस्टर म्हणाली. "पहिल्याच दिवशी. त्यावर आमची बसवाली उठली, शहरभर बस चालवते ती, आणि आपला मुलगा हिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, धर गं जरा, मला नाक शिंकरायचंय. झालं. त्या पोरानेही हिच्या मांडीवर झोप काढली."

थोरलीला हे ऐकून इतकं समाधान वाटलं की ती त्या दिवशी घरी चालत गेली. एका वेळी एकेका परक्या आईने आपलं लेकरू त्या थरथरत्या हातांत विश्वासाने दिलं, आणि ते हात आठवड्याआठवड्याने स्थिर झाले. औषधाने झोप आणली, भूक आणली. पण आपले हात आईचे आहेत हे धाकटीला त्या गोल खुर्च्यांनी पटवलं. अकरा गुरुवार झाले, आणि बाराव्या गुरुवारी सकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, माझी मुलगी मला द्या.

फक्त एक गोष्ट थोरलीच्या हिशेबात बसली नव्हती. धाकटीला ती दुपार आठवतच नव्हती. ना ते पसरलेले हात, ना ती शपथ. तिच्या आठवणीत एवढंच होतं की मी पडून होते, आणि जाऊ येऊन माझं मूल घेऊन गेली. गटातल्या कॅशिअरबाईने तिला विचारलं होतं, "मग मागून का नाही घेत? तुझी मुलगी आहे की नाही?" आणि तिने मागितली.

आता सांगून टाकावं का? थोरलीने दिवसभर पातं चालवता चालवता विचार केला. सांगितलं तर शपथ मोडते, ती गोष्ट एक वेळ बाजूला ठेवू. पण जी मुलगी नुकती कुठे ताठ उभी राहिलीय, तिला जाऊन म्हणायचं, अगं, तुला आठवत नाही, पण तूच मूल नको म्हणाली होतीस? नाही. रागाने का होईना, ती उभी आहे ना... राहू दे रागाने. मी आहे खंबीर.

आणि दुसरं तिला स्वच्छ दिसलं. ती घरात असेपर्यंत गुंडी धाकटीकडे जाणार नाही.

"आपण कारखान्याच्या वरच्या खोलीत राहायला जाऊ," तिने त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. "मालक भाडं घेणार नाहीत. चार-सहा महिने."

थोरल्याने हातातला डबा खाली ठेवला. त्यालाही तिने कधी काही सांगितलं नव्हतं. "तू करतेस ते विचार करूनच करत असशील," तो म्हणाला. "लिफ्ट आहे का तिथे?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि बॅग खाली काढली.

जाताना थोरलीने एकच गोष्ट मागे ठेवली. दर गुरुवारी संध्याकाळी, आपल्या खोलीचं दार लावून, ती गुंडीला खाकी कागदावर निजवून खडूने तिची आकृती आखायची आणि बाजूला लिहायची, आज पालथी पडली, आज माझ्या चष्म्याला हात घातला, आज पहिल्यांदा मोठ्याने हसली, कुत्र्याला बघून. कटरचं काम करणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार! धाकटीचे जे दिवस बुडाले ते तिला मापात तरी परत मिळावेत एवढाच हेतू. ती गुंडाळी तिने धाकटीच्या कपाटात ठेवली. इथे तिचा हात आयुष्यात तिसऱ्यांदा चुकला, कारण तिसऱ्या दिवशी धाकटीचा फोन आला.

"तुमचे कागद मिळाले," धाकटी म्हणाली. आवाज बर्फासारखा गार. "मी नव्हते तेव्हा काय काय झालं त्याची यादी लिहून ठेवलीत. मला टोचायचंच होतं तर तोंडावर टोचायचं होतं, ताई."

"गुंडी रडते का गं?" थोरलीने विचारलं.

"रडते. मी बघते तिचं," धाकटी म्हणाली आणि फोन बंद केला.

मी बघते तिचं... हे तीन शब्द थोरलीने पुढचे पाच आठवडे उशाशी घेऊन झोपावं तसे जपले. बाकी त्या पाच आठवड्यांबद्दल फार सांगत नाही. तिच्या खांद्याला मुलाच्या वजनाची सवय झाली होती, तो खांदा रिकामा राहिला की दुखायचा. पहिलीच्या मुलांच्या सदऱ्यांचं माप कापायची पाळी आली की ती दुसऱ्या कटरशी काम बदलून घ्यायची. खाली आख्खा कारखाना म्हणत होता, मूल परत घेतलं म्हणून बाई रुसून घर सोडून आली. थोरलीने म्हणू दिलं.

पाचव्या गुरुवारी, साडेअकराचा सुमार. थोरली निळ्या कापडाच्या थरांत पातं घालून अर्ध्यावर आली होती, तेवढ्यात दारावरचा वॉचमन धावत आला.

"बाई, खाली बायका आल्यात. पाच. पोरं पण पाच. मी अडवलं तर त्यातली एक म्हणाली, मी बस चालवते, बाजूला हो."

थोरलीने पातं बंद केलं, आणि पुरतं थांबायच्या आत दार उघडलं. पुढे धाकटी, कडेवर गुंडी. मागे बसवाली, कॅशिअरबाई, पोहायला शिकवणारी एक उंच बाई, आणि सगळ्यांच्या मागे एक अगदी नवी, डोळे खाली, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं दीड महिन्याचं मूल. शिलाईच्या सगळ्या मशिनी एकापाठोपाठ एक गप्प झाल्या.

"एकटीने यायला पाय उचलत नव्हता," धाकटी म्हणाली. "या म्हणाल्या, आम्ही येतो."

"काय झालं? गुंडी बरी आहे ना?"

"ताई, आज ही नवी आली गटात." धाकटीने मागे पाहिलं. "मूल अंगापासून असं दूर धरून आली. म्हणाली, कुणीतरी घ्या हिला, माझ्या हातांची मला भीती वाटते. मी उठले, तिचं मूल घेतलं, आणि..." तिने गुंडीला घट्ट धरलं. "आणि मला खोली दिसली, ताई. आपली खोली. तुम्ही दारात उभ्या होतात, हातात डबा होता. मी तुम्हाला म्हटलं होतं, हिला घ्या. मीच म्हटलं होतं."

थोरलीने खडू उचलला, पुन्हा ठेवला.

"तसलं काही नाही," ती म्हणाली. "मीच मागितली होती. मला हौस होती. सगळ्यांना माहीत आहे."

"ताई, पुरे."

"अगं, खरंच..."

"शपथ मी घातली होती," धाकटी म्हणाली. "गुंडीच्या डोक्यावर तुमचा हात मीच ठेवला होता. मीच ती सोडवते. आता तरी बोला."

पण थोरलीला बोलता कुठे येत होतं? सहा महिने ज्या गोष्टीवर तिने दाताखाली ओठ धरले होते, ती आता सगळ्या कारखान्यासमोर उघडी पडली होती, आणि तिला एवढंच सुचलं की इथे कापडाची धूळ फार आहे, लहान मुलांना आत आणायचं नसतं. ते ती बोलूनही दाखवू लागली. बसवालीने तिला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं.

"मी तुमचे कागद काल परत काढले," धाकटी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "आधी वाटलं होतं तुम्ही मला हिणवलंत. आज वाटेत कळलं. तुम्ही ते माझ्यासाठी जपून ठेवलं होतंत... आणि मी तुम्हाला काय बोलले, आईंसमोर काय बोलले! माझ्या आईने तुमच्यासाठी कसला शब्द वापरला. तुम्ही का ऐकून घेतलंत सगळं?"

"तुला ऐकवलं नसतं," थोरली म्हणाली. "मला ऐकवतं."

दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मध्ये गुंडी दाबली गेली, तिने निषेध नोंदवला. कॅशिअरबाई डोळे पुसत म्हणाली, "होईल सगळं नीट," आणि बाकीच्यांनी एका सुरात तिला सांगितलं की आज कप तिचे.

मालकांनी थोरलीला अर्धा दिवस सुट्टी दिली. न देऊन सांगतात कुणाला! बसवालीला दुपारची पाळी होती, नवीला सिस्टरकडे परत सोडायचं होतं, म्हणून त्या जिन्यापासून वळल्या. दोघी जावा आणि गुंडी घरी आल्या तेव्हा सासूबाई वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या.

"आई, पेन्सिल खाली ठेवा," धाकटी म्हणाली. "मला सांगायचंय."

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, औषधाचं सांगितलं, शिवणक्लास नव्हताच हे सांगितलं, आणि ती दुपार सांगितली. गटात अनेकदा बोलून तिची जीभ मोकळी झाली होती. ती रडली, पण थांबली नाही.

सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत? मी काय खाल्लं असतं?"

"समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईला तुम्ही वेडी म्हणायचात, आई. मुलाला तिच्यापासून लांब ठेवतात ते बरंच करतात, असंही म्हणाल्या होतात."

सासूबाईंनी चष्मा काढून शब्दकोड्यावर ठेवला. वर्गात प्रश्न त्या विचारायच्या, उत्तरं दुसऱ्यांनी द्यायची, अशी त्यांची आयुष्यभराची सवय. त्या खुर्चीचे हात धरून उठल्या. थोरलीने लग्नाच्या अठरा वर्षांत त्यांना आपल्यासाठी उठताना पाहिलं नव्हतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या दोघींपैकी कुणाचीच नाही. आणि तू," त्या थोरलीकडे वळल्या, "तू माझी बोलणी सहा महिने कशी ऐकून घेतलीस? मी तर रोज बोलायचे."

"रविवारी सुट्टी असायची, आई. फोन यायचा ना," थोरली म्हणाली, आणि सासूबाईंना रडता रडता हसू फुटलं. त्यांनी दोन्ही हातांनी थोरलीचं तोंड कुरवाळलं. पुढच्या रविवारी त्यांनी फोनवर धाकट्या मुलाला सगळं स्वतः सांगितलं, आणि धाकटीच्या माहेरीही स्वतः फोन केला. तो फोन फार वेळ चालला नाही, पण त्यानंतर तिकडून माफीचं पत्र आलं.

थोरलीने परत यायचं कबूल केलं, एका अटीवर. "गुंडी रडली तर मी उठणार नाही," तिने धाकटीला बजावलं. "तू उठायचंस. मला उठताना पाहिलंस तर ओरड माझ्यावर."

"तुम्हाला जमेल?" धाकटीने विचारलं.

"मला चाळीस थर एका रेघेत कापता येतात," थोरली म्हणाली.

ती परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची, रविवारची गोष्ट. दुपारची चार वाजायची वेळ, थोरली बाहेरच्या खोलीत कॉटवर बसून सासूबाईंच्या पोलक्याची उसवलेली शिवण घालत होती. धाकटी न्हाणीघरात कपडे पिळत होती. आतल्या खोलीत गुंडी जागी झाली आणि रडायला लागली.

थोरलीचे पाय जमिनीला लागलेसुद्धा. तिने ते उचलून परत कॉटवर घेतले, मांडी घातली, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. रडणं वाढलं. त्यातला प्रत्येक चढउतार तिला पाठ होता, हा भुकेचा नाही, हा झोपमोडीचा, आता पाठीवर हात फिरवला की संपेल... तिचे ओठ हलू लागले, पण हात तिने सोडले नाहीत. धाकटीची पावलं ओल्या फरशीवरून धावत गेली. "आले गं, आले गं माझी बाय," असा तिचा आवाज आला. रडणं आणखी एकदा उसळलं, मग अडखळलं, हुंदक्यावर आलं, आणि थांबलं.

थांबलं. आईच्या खांद्यावर थांबलं. थोरलीने ज्यासाठी बोलणी खाल्ली, घर सोडलं, खांदा रिकामा ठेवला, ते हेच होतं. तिचं अंतःकरण कृतार्थतेने भरून आलं, आणि त्याच क्षणी आत कुठेतरी एवढं दुखलं की ती वाकली, आणि नळबिळ काही न सोडता, भर दुपारी, सगळ्यांना ऐकू जाईल असं रडू लागली.

सासूबाई शब्दकोडं टाकून उठल्या, तिच्याशेजारी येऊन बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"ताई, या ना आत," आतून धाकटीने हळूच हाक मारली. "बघा कशी झोपलीय."

"येते गं," थोरली म्हणाली. "अजून थोडं रडायचंय माझं."

"मग मीच येते," धाकटी म्हणाली, आणि झोपलेल्या लेकीला घेऊन ती बाहेर येऊन तिच्या दुसऱ्या बाजूला बसली.